तीच गाणी, शेवटची रात्र : विज्ञानमालिकांच्या रडवणाऱ्या सीझन फिनालेची पार्श्वभूमी

भाद्रपदातल्या पौर्णिमेला खानदेशात गुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. मधला महिनाभर जळगाव-भुसावळकडच्या मुली रोज संध्याकाळी तीच गाणी म्हणतात, झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. शेवटच्या रात्रीही गाणी तीच असतात. उद्या हा फेर नाही एवढंच वेगळं असतं, आणि तेवढ्यानेच गळा दाटून येतो. टीव्हीवरच्या विज्ञानमालिकेच्या, म्हणजे विज्ञानकथा सांगणाऱ्या मालिकेच्या, सीझनचा शेवटचा भाग ज्यांना रडवतो, त्यांना तो नेमक्या याच रीतीने रडवतो. मालिकावाल्यांना मात्र ही रीत सापडायला बरीच वर्षं लागली.

अमेरिकेतली मूळ ‘स्टार ट्रेक’ ७९ भागांनंतर ३ जून १९६९ला संपली. तिचा शेवटचा भाग इतर कुठल्याही भागासारखाच होता, निरोपाचा एक शब्दही त्यात नव्हता. कारण धंद्याचं होतं. एकदा दाखवून झालेले भाग गावोगावच्या टीव्ही केंद्रांना पुन्हा विकले जायचे आणि केंद्रं ते हव्या त्या क्रमाने लावायची. त्यामुळे प्रत्येक भागाअखेर अंतराळजहाज, कप्तान, मैत्री सगळं जागच्या जागी परत आणून ठेवावं लागे. हीच मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली. गल्लीत एखादाच टीव्ही, धाब्यावर अँटेना, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. अशा काळात सुटी गोष्ट सोयीची होती. एक रविवार लाइट गेली तरी पुढच्या रविवारी काही अडत नसे.

ब्रिटनमध्ये ‘ब्लेक्स सेव्हन’ने उलटं टोक गाठलं. १३-१३ भागांचे चार सीझन, आणि २१ डिसेंबर १९८१ला, नाताळला चार दिवस उरले असताना, नायकांची सगळी टोळी गोळ्या खाऊन पडली. गैरसमजातून मित्रानेच मित्राला मारलेलं. शेवटी उभा राहिलेला टोळीतला एव्हन बंदूक उचलून हसतो आणि पुढच्या गोळ्यांचे नुसते आवाज ऐकू येतात. धक्का जबर होता. पण धक्का आणि हुंदका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे रडायला उसंतच मिळत नाही.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ने १९९०मध्ये टांगणीचा, म्हणजे गोष्ट ऐन मोक्यावर तोडून ठेवण्याचा, मार्ग धरला. कप्तान पिकार्डला बोर्ग नावाचे अर्धे माणूस, अर्धे यंत्र असलेले शत्रू पळवतात, त्याचंच यंत्र करतात, आणि त्याचा उपकप्तान रायकर त्याच्यावर मारा करायचा हुकूम देतो. पडदा काळा. तारीख १८ जून. पुढचा भाग २४ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर चौदा आठवड्यांनी. पटकथाकार मायकेल पिलर यांनी पहिला भाग लिहिला तेव्हा सुटका कशी करायची हे त्यांनीही ठरवलेलं नव्हतं. पिकार्ड आता मरणारच, अशी चर्चा उन्हाळाभर चालली. अशी टांगणी माणसाला जागं ठेवते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही.

पाणी आलं ते याच मालिकेच्या अखेरीला, २३ मे १९९४ला. त्यासाठी वापरलेली वस्तू म्हणजे पत्त्यांचं टेबल. जहाजावरचे अधिकारी पोकर खेळतात हे पहिल्यांदा दिसलं दुसऱ्या सीझनमधल्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात, फेब्रुवारी १९८९मध्ये. नंतर ते टेबल अधूनमधून येत राहिलं, बहुधा भागाच्या सुरुवातीला, गोष्टीशी फार संबंध नसल्यासारखं. कप्तान तिथे कधीच बसला नाही. पाच वर्षांनी, सगळं निभावून झाल्यावर, तो दार उघडून आत येतो, जरासा अवघडून बसतो आणि म्हणतो की हे फार पूर्वीच करायला हवं होतं. मग तो पत्ते वाटतो. कॅमेरा वर उचलला जातो आणि वरून ते गोल टेबल दिसतं. ना कुणी मरत, ना कुणी रडत. सात सीझनच्या सवयीत फक्त एक खुर्ची भरली जाते. आमच्या मते विज्ञानमालिकांत याहून नेटकी बोळवण झालेली नाही.

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने हेच काम शब्दाने केलं. २००५च्या १३ भागांमध्ये ‘बॅड वुल्फ’ हे दोन शब्द पेरलेले आहेत. कधी भिंतीवर रंगवलेले, कधी कुणाच्या तोंडी, एकदा तर एका अणुप्रकल्पाच्या वेल्श नावात. ८ जुलै २००६च्या ‘डूम्सडे’मध्ये काळात प्रवास करणारा नायक डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोझ यांची कायमची ताटातूट होते ती नॉर्वेच्या एका किनाऱ्यावर, आणि त्या किनाऱ्याच्या नॉर्वेजियन नावाचा अर्थही तोच निघतो. प्रत्यक्ष चित्रण वेल्समधल्या सदर्नडाउनला झालं. डॉक्टर तिथे खरा नसतोच. एक सूर्य जाळून त्या बळावर त्याची नुसती प्रतिमा आलेली असते आणि वेळ मिनिटांची असते. रोझचं नाव उच्चारून तो पुढचं वाक्य सुरू करणार, तोच प्रतिमा विझते. अर्धं राहिलेलं ते वाक्य प्रेक्षक मनात पुरं करतो, आणि तिथेच त्याचा बांध फुटतो. लेखकाने ते पुरं केलं असतं तर प्रसंग साधा झाला असता.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. पुढचा सीझन मिळणार की नाही हे माहीत नसताना शेवट लिहिला तर तो अधांतरी राहतो. ‘अल्फ’ २४ मार्च १९९०ला ‘पुढे चालू’ म्हणत थांबली आणि मालिका तिथेच बंद पडली. ५ मे १९९३ला ‘क्वांटम लीप’ संपली, ती नायक कधीच घरी परतला नाही अशा पडद्यावरच्या पाटीवर. त्या पाटीत नायकाच्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं. पाच सीझन ज्या माणसाबरोबर काळात उड्या मारल्या, त्याची बोळवण अशी घाईत उरकलेली आजही बोचते. दुसरा बिघाड लांबलेल्या खंडाचा. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन ८ एप्रिल २०२२ला संपला आणि दुसरा सुरू झाला १७ जानेवारी २०२५ला. एवढ्या काळात पेरलेलं विसरायला होतं. तिसरा बिघाड डबिंगचा. तोंडी शब्दाचं हिंदी होतं, भिंतीवरचा तसाच इंग्रजीत राहतो, आणि दोन्ही एकच आहेत हे कळतच नाही. म्हणून पेरणीवर चालणारी मालिका मूळ आवाजात, सबटायटल लावून पाहावी.

नुसता शेवटचा भाग शोधून पाहिला तर त्यातलं काहीच लागणार नाही. ‘डूम्सडे’साठी २००५चे १३ भाग, त्या नाताळचा विशेष भाग आणि २००६चे १३, असे एकूण २७ पाहावे लागतात. रोज रात्री दोन धरले तर चौदा रात्री, त्यातल्या शेवटच्या रात्री एकच. पिकार्डच्या त्या खुर्चीसाठी मात्र ‘द मेझर ऑफ अ मॅन’, ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चे दोन भाग आणि ‘कॉज अँड इफेक्ट’ एवढे पुरतात. या तिन्ही गोष्टींत पत्त्यांचं टेबल आहे. प्रत्येक वेळी तिथे कोण बसलंय ते नीट पाहून ठेवावं.