डिलीट केलेलं नाव परत कसं येतं?

हेड ऑफिसात संपर्कांची एक यादी, तीच यादी लांबलांबच्या ब्रँचमधे, आणि सगळेच आपापल्या कॉपीत बदल करतायत. नवीन नाव आलं तर प्रश्न नाही, सगळीकडे भरून टाका. नंबर बदलला तर ज्या बदलाची वेळ नंतरची तो खरा धरायचा (घड्याळं बरोबर असतील तर हां). खरी गोची डिलीटमधे आहे, कारण ऑफिसने नाव काढलं आणि रात्री सिंक झालं की दिसतं काय, तर ब्रँचकडे नाव आहे आणि ऑफिसकडे नाही, मग ते ऑफिसने काढलंय की ब्रँचने आत्ताच टाकलंय हे मशीनला कळणार कसं? ते बिचारं गुपचूप परत भरून मोकळं.

झेरॉक्स कंपनीला हे १९८०च्या दशकातच भोवलं. त्यांची क्लिअरिंगहाऊस नावाची डिरेक्टरी होती, नाव द्या आणि पत्ता घ्या अशी, आणि तिचे शेकडो सर्व्हर जगभर पसरलेले. जपानमधून युरोपात एक पॅकेट जायला कधीकधी १४ गेटवे (दोन नेटवर्क जोडणारी मशीन) आणि ७ फोन लाईन लागायच्या! बदल झाला की सगळ्यांना मेल, शिवाय मध्यरात्रीनंतर याद्या जुळवायच्या, आणि फरक सापडला की परत सगळ्यांना मेल. ३०० ठिकाणी असलेल्या यादीसाठी याचा हिशोब एका रात्रीत ९०,००० मेलपर्यंत जाऊ शकत होता, नेटवर्क झोपणारच ना.

कंपनीच्या पालो आल्टोच्या लॅबमधल्या ॲलन डेमर्स आणि मंडळींनी १९८७ च्या पेपरात वेगळा मार्ग मांडला. गावात बातमी पसरते तसं करायचं, प्रत्येक सर्व्हरने अधूनमधून कुठलाही एक सर्व्हर गाठायचा, शक्यतो जवळचा, म्हणजे समुद्रापलीकडच्या लाईनवर लोड कमी. आणि अख्खी यादी पाठवायची नाही, आधी ताजे बदल द्यायचे घ्यायचे, मग दोन्ही याद्यांचे चेकसम (अख्ख्या यादीवरून काढलेला एक छोटा आकडा) जुळले की काम संपलं.

डिलीटसाठी त्यांनी चक्क मृत्यूचा दाखला काढला. नाव नुसतं पुसायचं नाही, त्याजागी ‘हे अमुक वेळी काढलं’ अशी नोंद ठेवायची, आणि ती नोंद पण बाकी बदलांसारखीच सगळीकडे फिरणार, जुनं नाव भेटलं की त्याला मारणार. पण मग असे दाखले सांभाळायचे किती दिवस, जन्मभर ठेवले तर यादीत जिवंत कमी आणि मेलेले जास्त व्हायचे. समजा ३० दिवसांनी फेकले आणि दोन महिने बंद पडलेली ब्रँच चालू झाली, की मेलेली नावं उठून बसली! मला यावरचा त्यांचा उपाय सगळ्यात भारी वाटतो, मुदत संपली की बहुतेक सर्व्हरनी दाखला टाकून द्यायचा पण मोजक्या काही जणांनी तो झोपवून ठेवायचा, जुनं नाव समोर आलं की दाखला जागा होतो आणि परत फिरायला लागतो.

आजच्या कॅसँड्रा डेटाबेसमधे पण हेच दुखणं आहे, तिथे डिलीटची अशी खूण डिफॉल्टने १० दिवस जपतात. त्याहून जास्त दिवस बंद राहिलेलं मशीन तसंच परत जोडू नका, त्याची कॉपी पुसून नव्याने भरून घ्या.