चार फुटांचं वर्तुळ आणि तेहतीस फुटांचा चौकोन

पीक कापणी प्रयोगाला आलेला कर्मचारी शेतात पीक कुठे चांगलं आलंय ते बघत नाही. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या अंकांनी ठरलेली पावलं तो एका कोपऱ्यापासून मोजतो, तिथे खुंटी ठोकतो, दोरी ताणून चौकोन आखतो आणि आतलं पीक कापून, मळून तोलतो. भागाचं सरासरी उत्पन्न आणि त्यावरून पीक विम्याची भरपाई प्रामुख्याने अशा वजनांवर ठरते, म्हणून हा चौकोन कुठून आला ते माहीत असावं.

पूर्वी सगळा नजरअंदाज होता. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, यंदा किती आणे आलं ते डोळ्यांनी ठरवायचं. आणेवारी हा शब्द तिथलाच. कापून बघायचं झालं तर अधिकारी स्वतःला 'सरासरी' वाटेल ते शेत निवडत. हा सहेतुक नमुना. निवडणाऱ्याची नजर किती चुकली, हे त्यातून कधीच कळत नाही.

१९२०च्या दशकात बिहार-ओरिसात जे. ए. हबॅक या सनदी अधिकाऱ्याने भातकापणीच्या जागा यादृच्छिक पद्धतीने निवडल्या. १९३४ मध्ये लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांनी त्यामागचं गणित पक्कं केलं. यादृच्छिक नमुन्यात चूक किती असू शकेल, हे त्याच नमुन्यातून काढता येतं. आधी सारख्या शेतांचे स्तर पाडले आणि जिथे उत्पन्नात चढउतार जास्त तिथून जास्त नमुने घेतले, तर तेवढ्याच खर्चात अंदाज नेमका होतो. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तेव्हा लंडनमध्येच शिकत होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९३५ मध्ये त्यांनी याच स्तरित पद्धतीवर पुढचं काम प्रसिद्ध केलं.

तुकडा केवढा कापायचा, यावर खरी झुंज भारतात लागली. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये नकाशावर यादृच्छिक चौकटी टाकत आणि प्रशिक्षित अन्वेषकांकडून चार फूट त्रिज्येच्या वर्तुळासारखे छोटे तुकडे कापून घेत. तुकडे छोटे, पण पुष्कळ. सुखात्म्यांची पद्धत टप्प्याटप्प्याची: तालुका हा स्तर, त्यातून गावं, गावातून शेतं, शेतातून एक तुकडा. कापणारे महसूल आणि शेती खात्यातले नेहमीचेच लोक, तुकडा मात्र मोठा, ३३ फूट बाय साडेसोळा फूट.

मोठाच का? दोरीवर येणारं पिकाचं ताट आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हा प्रश्न प्रत्येक कडेला पडतो आणि हात ते आत ओढतो. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ जेमतेम ५० चौरस फूट आणि परीघ २५ फूट, म्हणजे दोन चौरस फुटांमागे एक फूट कड. सुखात्म्यांच्या चौकोनात साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट. छोट्या तुकड्यांनी उत्पन्न फुगतं, हे त्यांनी १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. साधन आणि प्रशिक्षण नीट असेल तर फरक पडत नाही, असं महालनोबिसांच्या बाजूचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं म्हणता येणार नाही. पण हजारो गावांत रोजची कामं सांभाळून कापणी करणाऱ्या माणसाला झेपेल अशी पद्धत सुखात्म्यांचीच होती, असं मला ठामपणे वाटतं. वि. गो. पानसे यांनी कापसासाठी याच वाटेने काम केलं आणि पुढे दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं.

आज काही राज्यांत भातासारख्या पिकांना साधारण १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखतात. फुटांत मोजला तर तो जवळपास ३३ बाय साडेसोळाच भरतो.