हिटलरने स्वस्तिक उलटं केलं नव्हतं

'आपलं स्वस्तिक सुलटं, हिटलरने ते उलटं केलं म्हणून त्याचा नाश झाला.' दर दिवाळीत हा फॉरवर्ड कुठून तरी येतोच. ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या वहीवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक नीट बघा. वरच्या टोकाची भुजा उजवीकडे वळते. नाझी झेंड्यावरही ती उजवीकडेच वळते. फरक इतकाच की ते बहुतेकदा ४५ अंशांत तिरकं, लाल कापडावर पांढऱ्या वर्तुळात काळं असे, आणि आपले चार ठिपके त्यात नसत. पातळ झेंडा मागून पाहिला तर मात्र उलटा दिसणारच!

नाझी पक्षाने ते १९२० मध्ये घेतलं. जर्मन त्याला 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकांसारख्या टोकांचा क्रूस, म्हणत.

आणि डावीकडे वळणारं म्हणजे अशुभ, हेही खरं नव्हे. जपानमध्ये तेच 'मांजी', नकाशावर बौद्ध मंदिराची खूण. आणि युरोपात स्वस्तिक फक्त नाझींचंच होतं असंही नाही: फिनलंडच्या हवाईदलाने १९१८ मध्येच, नाझींच्याही आधी, विमानांवर निळं स्वस्तिक रंगवलं होतं.

त्यामुळे बर्लिनमध्ये दारावर रांगोळी काढताना 'आमचं सुलटं आहे' हे स्पष्टीकरण चालणार नाही. तिथल्या शेजाऱ्याला आकार तोच दिसतो. धार्मिक वापराला तिथे बंदी नाही, एवढं मात्र सांगता येईल.