हाड एका दिवसात कापतात, चेहरा मात्र सावकाश येतो

अक्कलदाढ काढून आलेला माणूस बघितलाय ना, एका गालात अख्खं लिंबू धरल्यासारखा दिसतो. माझी काढली तेव्हा तिसऱ्या दिवशी आरशात बघून मी घाबरून डेंटिस्टला फोन केला की काहीतरी बिघडलंय, तर तो हसून म्हणाला, अहो आज सगळ्यात जास्त दिसणार, उद्यापासून उतरेल. आणि ती फक्त एक दाढ होती. आता विचार करा, दोन्ही गालांची हाडं, जबड्याचे दोन्ही कोपरे आणि हनुवटी हे सगळं एकाच दिवशी कापलं तर काय होत असेल.

हे कुठे होतं, तर मुख्य करून दक्षिण कोरियात, सोलच्या गंगनम भागात. तिथे याला फेशियल कॉन्टूरिंग म्हणतात आणि त्यातून मिळणाऱ्या निमुळत्या चेहऱ्याला व्ही-लाइन. गालाचं हाड कापून आत सरकवतात, जबड्याचा कानाखालचा कोपरा छाटतात, हनुवटी कापून अरुंद करतात किंवा पुढेमागे करतात. बहुतेक काप तोंडाच्या आतून, त्यामुळे बाहेर व्रण जवळजवळ नाहीच, आणि मला वाटतं लोक इथेच फसतात. व्रण नाही म्हणजे ऑपरेशन छोटं असं वाटतं, पण हे हाडाचं ऑपरेशन आहे, फ्रॅक्चरसारखंच, फक्त ठरवून केलेलं.

सूज आधी बघू. जखम झाली की तिथल्या रक्तवाहिन्या जरा गळक्या होतात, पाणी आणि पेशी आजूबाजूला झिरपतात, आणि ४८ ते ७२ तासांत सूज सगळ्यात जास्त असते. म्हणून पहिले काही दिवस डोकं उंचावर ठेवून झोपायला सांगतात. साकळलेलं रक्तही खाली उतरतं, गाल कापलेला असतो आणि पिवळं पडतो गळा, हे बघून लोक हबकतात, पण तो पिवळा रंग म्हणजे हिमोग्लोबिन मोडून तयार झालेलं बिलीरुबिन, काविळीत डोळे पिवळे करतं तेच. मुका मार लागला की निळं, मग हिरवं, मग पिवळं होतं ना, तसंच. कोरियात या दिवसांत लोक भोपळ्याचा रस पितात, सूज उतरते म्हणून (माझा काही विश्वास बसत नाही, पण पिऊन नुकसानही नाही), हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधतात आणि जुक नावाची तांदळाची खीर खातात, खीर म्हणजे गोड नाही हो, आपली पेजच.

दोन-तीन आठवड्यांत बरीच सूज जाते, माणूस बाहेर फिरायला लागतो, अनोळखी लोकांच्या लक्षातही येत नाही. पण उरलेली थोडी सूज फार चिवट असते, ती जायला सहा महिने, कधी वर्षही लागतं आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी उतरत नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक गाल मोठा एक लहान दिसतो, माणूस रात्री दोन वाजता मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघत बसतो आणि ठरवून टाकतो की आपलं वाटोळं झालं. त्या वेळी आरशात जो चेहरा दिसतो तो ना जुना असतो ना नवा.

हाडाचं गणित वेगळं. जबड्याचा कोपरा छाटून काढूनच टाकलेला असतो, तिथे सांधायचं काही नसतं, पण गालाचं आणि हनुवटीचं हाड कापून सरकवून टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूने धरलेलं असतं. सांधा धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला त्याहून बरेच जास्त. आता दात घट्ट आवळा आणि कानाखाली बोट ठेवा, जो स्नायू टणकन वर येतो तो मॅसेटर, त्याचं वरचं टोक गालाच्या हाडाला आणि खालचं जबड्याच्या कोपऱ्याला. म्हणजे प्रत्येक घास चावताना हा स्नायू कापलेलं गालाचं हाड खाली ओढत असतो. डॉक्टर महिनाभर मऊ खा सांगतात ते यासाठी. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून शेंगदाणे खाल्ले आणि हाड हललं तर ते नीट सांधत नाही, गाल खाली उतरू शकतो, चावताना टक टक आवाज येऊ शकतो, आणि मग कदाचित परत ऑपरेशन.

आणि नस, म्हणजे इथे रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू. खालच्या जबड्याच्या हाडात एक बोगदा असतो, त्यातून एक नस पुढे येते आणि हनुवटीच्या बाजूला एका छोट्या भोकातून बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळवते. खालच्या दाढेसाठी डेंटिस्ट इंजेक्शन देतो ते याच नसेला. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, म्हणून ओठ बधिर होणं ही चूक नाही, बहुतेकांना काही काळ होतंच. बधिर म्हणजे लुळा नाही हे समजून घ्या, ओठ हलवणारी नस वेगळी, त्यामुळे ओठ हलतो पण कळत नाही, चहा ओठावरून ओघळतो आणि समोरच्याने सांगितल्यावर समजतं, गरम असेल तर भाजतोही.

हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने १९४३ मध्ये नसांच्या इजांचे तीन प्रकार मांडले, ते आजही वापरतात. नस नुसती सुन्न झाली तर आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत परत येते. आतला धागा तुटला पण बाहेरची नळी शाबूत असेल तर धागा त्याच नळीतून परत वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे सहा-सात सेंटीमीटरचं अंतर कापायला दोन महिन्यांहून जास्त. मधे मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, ते बहुतेक वेळा नस जागी होत असल्याचं लक्षण. पण नस पूर्ण कापली गेली तर आपोआप परत येण्याची आशा फार कमी. थोडक्या लोकांना बधिरपणा कायमचा राहतो, आणि हे ऑपरेशनआधीच धरून चालायला हवं.

आता अपेक्षांचं. उशीतला निम्मा कापूस काढला तर उशी लहान होते का? अभ्रा तेवढाच राहतो, सैल पडतो. चेहऱ्याचंही तेच, हाड काही मिलिमीटर कमी केलं म्हणजे चेहरा तेवढाच कमी होईल असं नाही, वर स्नायू, चरबी, कातडी आहे. त्यात गादीला जसे मधे मधे टाके घालून कापूस जागेवर धरतात तसे चेहऱ्याच्या कातडीला हाडाशी बांधणारे लिगामेंट असतात, आणि हाडापर्यंत पोचायला त्यातले काही सोडवावे लागतात. विशीतली कातडी बरीच आवळून घेते, चाळिशीतली लोंबते. म्हणून जास्त कापा म्हणणं धोक्याचं. कोपरा फारच छाटला तर बाजूने चेहरा विचित्र दिसतो, कोरियन लोक त्याला सरळ कुत्र्याचा जबडा म्हणतात.

आणि जिवावरचा धोका अगदीच नाही असंही नाही. २०१६ मध्ये सोलमध्ये एका कॉलेजच्या मुलाचा जबड्याच्या अशाच ऑपरेशननंतर रक्तस्रावाने मृत्यू झाला, ऑपरेशन थिएटरच्या सीसीटीव्हीत दिसलं की डॉक्टर मधेच उठून दुसऱ्या ऑपरेशनला गेले होते. त्याच्या आईने कित्येक वर्षं लढा दिला, आणि पेशंट बेशुद्ध असताना होणाऱ्या ऑपरेशनसाठी थिएटरमध्ये कॅमेरा लावण्याचा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला, लागू झाला सप्टेंबर २०२३ मध्ये.

बाहेरून कोरियात जाणारे लोक दोन आठवड्यांत टाके काढून विमानात बसतात, म्हणजे सूज पुरती उतरायच्या आणि हाड सांधायच्या आत. नंतर ताप आला, पू झाला, एकच बाजू अचानक फुगली तर घरी परतल्यावर कोणाकडे जायचं हे आधी ठरवलेलं नसतं. आपल्याकडे हाडाचं हे काम दोन वाटांनी आलेले लोक करतात, एमबीबीएस करून प्लास्टिक सर्जन झालेले किंवा बीडीएस करून मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा-चेहऱ्याचे सर्जन झालेले. दोघांकडे एक गोष्ट मागता येते, सीटी स्कॅन स्क्रीनवर लावून आपला नसेचा बोगदा कुठून जातो आणि काप त्यापासून किती लांब असेल ते दाखवा म्हणायचं. मला कोणी हे बोट ठेवून दाखवलं नाही तर मी उठून शेजारच्या टपरीवर चहा प्यायला जाईन, ओठाला चटका कळतोय तोवर.