क्षणभर दबलेली वीज आणि अतिवाहक कॉइल

वीज जात नाही, नुसती दबते. दिवे किंचित मिणमिणतात आणि पूर्ववत होतात. तेवढ्यात कॉन्टॅक्टर (मोटारी चालू-बंद करणारे विद्युत स्विच) सुटलेले असतात, ड्राइव्ह (मोटारींचा वेग सांभाळणारी यंत्रं) ट्रिप झालेले असतात आणि उत्पादनाची लाइन पुन्हा मार्गी लावता लावता अख्खी पाळी वाया जाते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात पाच सायकल म्हणजे जेमतेम 0.1 सेकंद. जनरेटर तोवर जागाही होत नाही.

एसएमईएस, म्हणजे अतिवाहक कॉइलमधला ऊर्जासाठा, अशाच क्षणांसाठी आहे. नायोबियम-टायटॅनियमची कॉइल द्रव हेलियममध्ये उणे 269 अंश सेल्सियसला ठेवली की तारेचा रोध नाहीसा होतो. तिच्यात सोडलेला डीसी प्रवाह फिरत राहतो आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठून राहते. प्रवाह दुप्पट केला की साठा चौपट. रासायनिक क्रिया नसल्यामुळे वारंवार चार्ज-डिस्चार्ज केल्याने बॅटरीसारखी झीज होत नाही.

कॉइल मात्र एकटी काही कामाची नाही. चॉपर, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तिचा प्रवाह डीसी बसच्या (डीसी वीज वाहणाऱ्या मधल्या जोडणीच्या) कॅपॅसिटरकडे वळवतो, आयजीबीटी या पॉवर ट्रान्झिस्टरचा कन्व्हर्टर त्याची एसी करून वीजपुरवठ्याच्या लाइनमध्ये सोडतो. हे सारं काही मिलिसेकंदांत होतं. हाच कन्व्हर्टर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी वीज) सांभाळतो आणि ग्रिडमध्ये वीज जादा झाली तर ती कॉइलमध्ये ओढूनही घेतो. ग्रिडचं डोलणं आवरायला ही देवाणघेवाणच उपयोगी पडते. अमेरिकेत बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने 1983 मध्ये टॅकोमा इथे 30 मेगाजूलचा साठा सुरू केला, तो लांब पल्ल्याच्या पारेषण लाइनवरचे असे हेलकावे दाबण्यासाठीच.

30 मेगाजूल ऐकायला भारदस्त वाटतं. हिशेब केला तर साधारण सव्वाआठ युनिट, म्हणजे 1 किलोवॉटचा हीटर आठ तास चालेल एवढंच. पण तीच ऊर्जा 10 मेगावॉटने सोडली तर 3 सेकंदांत संपते. या यंत्राचा जोर असा झटपट देण्यात आहे, पुरवून पुरवून देण्यात नाही. तासभराचा बॅकअप हवा असेल तर सरळ बॅटरी घ्या.

कॉइलचं शीतयंत्र चोवीस तास चालतं आणि त्याचं बिल तुम्हालाच येतं. कुणी 95 टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता सांगितली, तर त्यात शीतयंत्राची वीज धरली आहे का, हे जरूर विचारा. (आम्हालाही विचारा.) कॉइलचा एखादा भाग तापला तर तिथे रोध परत येतो आणि साठलेली ऊर्जा तिथेच उष्णता होऊन बाहेर पडू लागते, याला क्वेंच म्हणतात. तो वेळीच ओळखून ऊर्जा बाहेरच्या रेझिस्टरमध्ये सोडणारी संरक्षण व्यवस्था नसेल, तर तो सौदा करूच नका. चुंबकीय क्षेत्रामुळे पेसमेकर असलेल्यांना यंत्राजवळ जाऊ देता येत नाही, त्यामुळे जागाही तशीच निवडावी लागते.

कोटेशनआधी आम्ही मेन इनकमरवर (कारखान्यात वीज शिरते त्या मुख्य स्विचवर) महिनाभर रेकॉर्डर लावतो. व्होल्टेज किती पडतं, किती सायकल टिकतं आणि त्या वेळी नेमकं काय बंद पडतं, हे त्यातून समजतं. बऱ्याचदा फक्त कंट्रोल सर्किट दगा देतं. मग त्यापुरता छोटा यूपीएस भागवतो आणि आम्ही तोच सुचवतो. मोजणीचा अहवाल तुमच्याकडेच राहील, पुढचं काम दुसऱ्याला दिलंत तरी.