क्रिप्टो कम्युनिटीत चांगल्या लिखाणाला मिळणारं बक्षीस

सोशल मीडियावर टाकलेल्या पोस्टला, फोटोला, कधीकधी नुसत्या नीट लिहिलेल्या कॉमेंटलासुद्धा लाइकसोबत टोकन, म्हणजे विकता येणारं डिजिटल नाणं, मिळायची ही पद्धत. ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा चालली स्टीम या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीवर. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ही चेन 2016 च्या मार्चमध्ये सुरू केली, टोकनचं पहिलं वाटप त्याच वर्षी 4 जुलैला झालं. पुढं ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सननं स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतल्यावर भांडण पेटलं आणि मार्च 2020 मध्ये एक मोठा गट वेगळा होऊन हाईव्ह ही नवी चेन निघाली, म्हणजे भावकीत वाटण्या होतात तसंच.

पैसे कुठून येतात हा सगळ्यात आधी पडणारा प्रश्न. जाहिरातीतून नाही आणि वाचणाऱ्याच्या खिशातूनही नाही. चेन सतत नवीन टोकन काढत राहते आणि त्यातला मोठा हिस्सा, स्टीमवर 2019 पासून 65 टक्के, लिहिणाऱ्यांच्या आणि व्होट, म्हणजे इथला लाइक, देणाऱ्यांच्या सामाईक पेटीत पडतो. पोस्टवर 7 दिवस व्होट पडतात, मग हिशोब होतो. पण सगळ्यांच्या व्होटचं वजन सारखं नसतं, ज्यानं जास्त टोकन अडकवून ठेवलेत त्याच्या व्होटला जास्त किंमत, आणि अडकवलेले टोकन पाहिजे तेव्हा काढता येत नाहीत, हप्त्याहप्त्यानं सुटतात, हाईव्हवर त्याला 13 आठवडे लागतात. व्होटची ताकदही वापरली की कमी होते, एका पूर्ण व्होटला 2 टक्के जातात आणि दिवसभरात 20 टक्के परत भरतात, म्हणजे रोज 10 व्होट, उगं दिसंल त्याला वाटत सुटायची सोय नाही.

आता दर्जा कोण ठरवणार? लातूरच्या आडतीवर सोयाबीन ओतलं की खरेदीदार मूठभर उचलतो, काडीकचरा बघतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा बघतो आणि मगच भाव बोलतो. इथंही कुणीतरी पोस्ट वाचून भाव बोलावा, हीच मूळ कल्पना होती आणि त्या वाचण्याच्या कष्टाचेही पैसे ठेवले होते, त्याला क्युरेशन म्हणतात. झालं मात्र असं की मूठ न उचलताच भाव बोलणारे लई निघाले. ठराविक लोकांना आपोआप व्होट लावून ठेवायचे, आपलेच चार अकाउंट काढून एकमेकांना द्यायचे, आणि पैसे घेऊन व्होट विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, तर उघड धंदा करत होते, तीन ओळीची पोस्ट वर आणि मेहनतीची खाली. ऑगस्ट 2019 मध्ये स्टीमनं नियम बदलले, लेखकाला 75 आणि व्होट देणाऱ्याला 25 असं वाटप होतं ते निम्मंनिम्मं केलं, आणि खाली ओढायचे काही व्होट फुकट दिले. त्यानं विकतच्या व्होटचा धंदा बराच बसला. लेखकाचा वाटा मात्र कमी झाला, आणि मला विचाराल तर ती किंमत जरा जास्तच मोजली.

नियमापेक्षा जास्त काम माणसांनी केलंय. क्युरीसारखे गट रोज नवीन, कुणी न पाहिलेले लेखक शोधतात आणि दुसऱ्यांनी वापरायला दिलेल्या टोकनच्या ताकदीवर त्यांना मोठा व्होट देतात. चोरलेला मजकूर हुडकणारेही असतात.

मराठीची अडचण इथंच येते. समजा औशाकडच्या एखाद्या पोरानं येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची, पोस्ट टाकली, शेतात कडब्याची खोप, आत मांडलेले पांडव, भज्जी न् आंबिलीचं बिंदगं, सगळे फोटो स्वतःचे, आणि आज्जी हे सगळं कसं करते ते तिच्याच बोलीत लिहिलं. दर्जा म्हणाल तर एक नंबर, पण ज्यांच्याकडं टोकनचा ढीग आहे त्यांना मराठी वाचता येत नाही, मग पोस्ट तशीच पडून राहते. म्हणून बरेचजण खाली इंग्रजीत चार ओळी जोडतात, आणि खरं सांगायचं तर व्होट त्या चार ओळींना पडतो.

मिळालेलं टोकन विकून नफा झाला तर भारतात 1 एप्रिल 2022 पासून त्यावर 30 टक्के कर आहे, शिवाय एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पण बहुतेकांची गाडी तिथवर जातच नाही, कारण 0.02 डॉलरच्या खाली जमलं तर चेन काहीच देत नाही, आणि गाववाल्यांनी येळवशीच्या पोस्टखाली हौसेनं लिहिलेल्या कॉमेंटी बहुतेक त्याच्याच खाली राहतात.