निपाणीचं ‘सबसिडीचं’ पेट्रोल

“कर्नाटक सरकार रिक्षावाल्यांना पेट्रोलवर सबसिडी देतं, म्हणून निपाणीत ते महाराष्ट्रातल्या कागलपेक्षा स्वस्त,” हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. स्वस्त मिळतं हे खरंच. म्हणून तर कोल्हापूरच्या गाड्या इकडे टाकी भरतात. कारण मात्र कराचं आहे. पेट्रोल जीएसटीत येत नाही. त्यावर प्रत्येक राज्य आपला विक्रीकर लावतं, आणि तो महाराष्ट्रात जास्त पडतो. केंद्रानंही पेट्रोलवरचं दरनियंत्रण २०१० मध्येच उठवलं.

खात्री करायचीय? रिक्षाची आणि तिच्यामागं उभ्या मोटारसायकलची पावती शेजारी धरा. ‘प्रतिलिटर’पुढचा आकडा एकच. रिक्षाला पंपावर सवलत असती तर तिथंच दिसली असती. या गैरसमजापायी भाडं ठरवताना चालकाला उगाच ऐकून घ्यावं लागतं. तो तुमच्याइतकेच पैसे मोजतो.